उंबरखिंडींतील अभय आणि अण्वस्त्रत्यागाचा प्रश्न

खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या सडकेवरून शेमडी या गांवापाशीं आंत वळलें म्हणजे चावणी हें खेडें लागतें. तेथून अंबा नदीच्या पात्राच्या कडेकडेनें गेलें असतां ज्या ठिकाणीं दोन्ही बाजूंचे डोंगर एकमेकांजवळ येतात, तीच इतिहासप्रसिद्ध उंबरखिंड. शके १५८२ शार्वरी संवत्सर, माघ शुद्ध चतुर्दशीस, शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान उझबेग यास शिवाजीमहाराजांनीं याच ठिकाणीं कोंडलें. कवींद्र परमानंदानें आपल्या शिवभारतांत हा प्रसंग विस्तारानें वर्णिला असून जेधे शकावलींतही त्याची नोंद आहे. पहिला ग्रंथ तंजावरच्या पोथीवरून कै. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केला. दुसरी लोकमान्य टिळकांच्या हातून उजेडांत आली. तिथीविषयीं एक खुलासा आरंभींच केलेला बरा. या लढाईची तारीख २ फेब्रुवारी १६६१ अशी सर्वत्र देतात. ती जुन्या, म्हणजे जुलियन, गणनेची आहे. आजच्या गणनेप्रमाणें ती १२ फेब्रुवारी होते. पुढें या लेखांत २ फेब्रुवारी ही तारीख आणखी एकदां यावयाची आहे. त्या जुळणीवरून वाचकांनीं कांहीं शुभाशुभ काढूं नये, एवढ्यासाठींच हा खुलासा.

आम्हीं या भागांत पुष्कळ वर्षें शिक्षकाचें काम केलें. १९९८ सालच्या हिंवाळ्यांत वरच्या वर्गांतील मुलांस घेऊन आम्ही खिंडींत गेलों होतों. खान कसा अडकला, त्यानें शरण येऊन सामानसुमान व हत्यारें टाकून खंडणी कबूल केली, व महाराजांनीं त्यास अभय देऊन सोडलें, हें सांगून झाल्यावर एका मुलानें विचारलें, "गुरुजी, खानाच्या लोकांनीं हत्यारें टाकलीं तीं सगळींच टाकलीं, हें महाराजांना कळलें कसें? कोणी कपड्यांत कट्यार लपवली असती तर?" आम्हीं "महाराज सावध होते" असें कांहीं मोघम बोलून वेळ मारून नेली. तें उत्तर नव्हे, हें त्या मुलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें. त्याच वर्षीं मे महिन्याच्या ११ व १३ तारखांस पोखरण येथें अणुस्फोट झाले. गांवांत पेढे वाटले गेले. आम्हींही घेतला व खाल्ला. परंतु त्या दिवसापासून मुलाचा प्रश्न आमच्या मनांतून गेला नाहीं. प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर आहे.

जुनीं दप्तरें व पोथ्या यांस वाहिलेल्या त्रैमासिकांत अण्वस्त्रांचा विषय कशास, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, तहनामा, याद, शपथ, जामीन, ओलीस, झाडा, झडती हे शब्द आपणांस जितके परिचित आहेत तितके मुत्सद्द्यांसही नसतील. आणि अण्वस्त्रत्यागाचा सारा वाद शेवटीं याच शब्दांभोंवतीं फिरत आहे. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ज्यास सुरक्षोपाय म्हणते, तो प्रकार उघडून पाहिला तर आंत काय निघतें? भट्टींत किती इंधन आलें, किती जळलें, किती उरलें याचा झाडा. तो खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं परक्या माणसांनीं येऊन घेतलेली झडती. आणि मधल्या काळांत कोणी हात लावूं नये म्हणून केलेल्या मोहरा व लावलेले कॅमेरे. पेशव्यांच्या फडावरील कारकुनास यांतील कॅमेऱ्यावांचून दुसरें कांहींही नवीन वाटलें नसतें.

प्रथम उंबरखिंडीकडे वळूं. लोहगडाच्या बाजूनें घाट उतरून खानाचें सैन्य दाट अरण्यांत शिरलें. मागें, पुढें व दोन्ही अंगांस मावळे. वारा नाहीं, पाणी नाहीं. बरोबर असलेल्या रायबागन या बाईनें खानास शरण जाण्याची सल्ला दिली, व खानानें वकील पाठविला. महाराजांनीं अभय दिलें, इतकेंच नव्हे तर आपल्या लोकांस हात आवरण्याची ताकीद पोंचविली. येथें वाचकांचें लक्ष एका गोष्टीकडे वेधावेंसें वाटतें. शरणागताचें अभय हा केवळ शब्द नव्हता. तो शब्द रानांत विखुरलेल्या शेवटच्या मावळ्यापर्यंत पोंचेल अशी तजवीज त्याबरोबर होती. ज्याच्या शब्दाची त्याच्याच सैन्यांत अंमलबजावणी होत नाहीं, त्याच्यापुढें हत्यार कोण टाकील?

आतां मुलाचा प्रश्न. खानाच्या लोकांचा शोध घेऊनच त्यांस सोडलें अशी परंपरा सांगतात. परंतु आमच्या मतें खरा झडती घेणारा होती ती खिंड. बाहेर पडण्यास वाट एक. तीही इतकी अरुंद कीं फौज एकदम निघूं शकत नाहीं. जो निघेल तो नजरेखालूनच निघेल. शिवाय एखादी कट्यार लपून गेली असती तरी तिनें काय साधलें असतें? तोफखाना, दारूगोळा, डेरे, जनावरें यांवांचून ती फौज फौज राहिली नव्हती. म्हणजे झडती अशी पाहिजे कीं ज्या गोष्टीनें युद्ध होऊं शकतें ती लपूं नये. बारीकसारीक लपलें तरी चालेल. आणि इतकें करूनही महाराज गाफील राहिले नाहींत. स्वतः दक्षिण कोंकणांत उतरतांना मोगलांवर नजर ठेवण्यास त्यांनीं नेताजी पालकरास मागें ठेवलें. अभय, झडती आणि नंतरचा पहारा अशीं हीं तीन अंगें आहेत. मुलास त्या दिवशीं हें सांगतां आलें असतें तर बरें झालें असतें.

तथापि या प्रसंगावर भलता भार घालूं नये. एक पक्ष सर्वस्वी जिंकलेला व दुसरा सर्वस्वी हरलेला, अशा ठिकाणीं हत्यारें खालीं ठेवविणें अवघड नसतें. दोन्ही हातांत शस्त्र असतांना दोघांनीं तें एकदम ठेवावें, ही गोष्ट निराळी. ती कशी साधावी याचा खल आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या सातव्या अधिकरणांत, सतराव्या अध्यायांत, संधि टिकतो कशानें हा प्रश्न घेतला आहे. पूर्वाचार्यांचें मत असें कीं, सत्यवचन किंवा शपथ यांवर केलेला संधि चंचल, आणि प्रतिभू म्हणजे जामीन किंवा प्रतिग्रह म्हणजे ओलीस यांवर केलेला संधि स्थिर. कौटिल्य हें मान्य करीत नाहीं. तो म्हणतो कीं सत्य व शपथ यांचें बंधन इहपरलोकीं असतें. जामीन व ओलीस यांचें बंधन केवळ इहलोकापुरतें, आणि तेंही बळ असेल तोंवर. ज्याला कुटिलनीतीचा आचार्य म्हणून आपण ओळखतों, त्यानें शपथेची बाजू घ्यावी याचें पुष्कळांस नवल वाटतें. परंतु हाच आचार्य त्याच अध्यायांत पुढें ओलीस ठेवलेला कुमार निसटून कसा जावा याच्या युक्त्या सांगत बसतो. शपथेस मान द्यावा, आणि ओलिसाच्या कुलुपाची किल्ली कोणाकडे आहे हेंही विसरूं नये, असा त्या अध्यायाचा आमच्या दृष्टीनें अर्थ आहे.

या दोन्ही पक्षांची परीक्षा लवकरच व्हावयाची होती. उंबरखिंडीनंतर चार वर्षांनीं, जून १६६५ मध्यें, पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांस द्यावा, बारा किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे राहावा, असें ठरलें. किल्ले ताब्यांत येईपर्यंत संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणींत राहिले, म्हणजे प्रतिग्रह झाला. दिलेल्या किल्ल्यांत आमच्या प्रांतांतील माणिकगड आहे, तसाच शेजारचा मुरंजन, म्हणजे हल्लींचा प्रबळगड, हाही त्या यादींत असल्याचें मानतात. 'मानतात' असें म्हणण्याचें कारण असें कीं, फारसी लेखनांत उतरलेलीं हीं मराठी नांवें कांहीं ठिकाणीं इतकीं विद्रूप झालीं आहेत कीं त्यांतील दोनचार किल्ले कोणते याविषयीं अभ्यासकांत अद्याप एकवाक्यता नाहीं. ज्यांनीं असे कागद हाताळले आहेत त्यांस हा त्रास ठाऊकच आहे. आम्ही त्यांतून एवढेंच घेतों: जो तह यादीवर उभा आहे त्याची यादी ज्याच्या वस्तु त्यानें लिहावी, आणि दुसऱ्यास जागेवर जाऊन ताडून पाहतां यावी.

त्या तहाचें पुढें काय झालें हें सर्वश्रुत आहे. १६६६ त महाराज आग्र्यास गेले तेव्हां जयसिंगाची शपथ होती आणि त्याचा पुत्र रामसिंग याचें बादशहास दिलेलें जामीनपत्रही होतें. जयपूरच्या दप्तरांतून निघालेल्या राजस्थानी पत्रांवरून दिसतें कीं, रामसिंगानें आपला जामीन परत घ्यावा असा आग्रह महाराजांनींच धरला होता. म्हणजे निसटून जाण्यापूर्वीं मध्यस्थास मोकळें करण्याची काळजी त्यांनीं घेतली. तरीही रामसिंगास बादशहाची इतराजी सोसावी लागलीच. पुढें १६७० सालीं फेब्रुवारींत कोंढाणा, मार्चांत पुरंदर, आणि जूनपर्यंत लोहगड, माहुली, कर्नाळा असे एकामागून एक किल्ले परत आले. शपथ, जामीन व ओलीस हीं तिन्ही साधनें ज्या तहास होतीं तो तह पांच वर्षेंही टिकला नाहीं. याचें कारण एकानें सर्व द्यावें व दुसऱ्यानें कांहींच देऊं नये, अशी त्याची मांडणी होती. विषम तहास कितीही कुलुपें लावलीं तरी तो आंतून कुजतो.

यानंतरचा शस्त्रत्याग आणखी विषम आणि म्हणून आणखी शिकण्यासारखा आहे. १८१८ सालीं राजमाची लढाईवांचून इंग्रजांच्या हातीं गेली. कर्जतच्या डोंगरांतील कोथळीगड, ज्यास पेठचा किल्लाही म्हणतात, व जो संभाजीमहाराजांच्या काळीं १६८४ त मोगलांनीं घेतला होता, तोही त्याच धामधुमींत गेला. उत्तर कोंकणांतील किल्ल्यांची पाहणी कॅप्टन डिकिन्सन यानें त्याच वर्षीं केली. सह्याद्रींत अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगांनीं उडविल्या, दरवाजे पाडले, पाण्याच्या टांक्या निकामी केल्या. कोथळीगडावर व खालीं पेठेंत पडलेल्या तोफा पाहून हळहळ वाटते. पण आमचा मुद्दा हळहळीचा नाहीं. किल्ले पाडणाऱ्यानें आपला एकही किल्ला पाडला नव्हता. साठ वर्षांनीं, १८७८ सालीं, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून हत्यार बाळगणें हा गुन्हा ठरला, आणि युरोपीय व अँग्लोइंडियन लोकांस त्यांतून सूट मिळाली. रानांत वाघ, वस्तींत दरोडेखोर, आणि शेतकऱ्याच्या हातीं काठी. शेजारच्या बंगल्यांतील साहेबाच्या भिंतीवर मात्र दोन बंदुका. पुढच्याच वर्षीं, १८७९ त, शेजारच्या पनवेल तालुक्यांतील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें. त्याचें एकमेव कारण हा कायदा असें आम्ही म्हणत नाहीं. दुष्काळ हें त्याहून मोठें कारण होतें. परंतु काँग्रेसच्या आरंभींच्या अधिवेशनांत, मवाळांतील मवाळ पुढाऱ्यांसही या कायद्याचा अपमान वाटला, तो हत्यार गेल्याचा नव्हे; तें आपलेंच गेलें याचा.

हें सारें मनांत ठेवून अण्वस्त्रांच्या तहाकडे पाहिलें म्हणजे ओळखीचा चेहरा दिसतो. १९६८ सालीं सहीस ठेवलेला व १९७० सालीं अंमलांत आलेला अण्वस्त्रप्रसारबंदीचा करार १ जानेवारी १९६७ पूर्वीं ज्यांनीं स्फोट केला त्या पांच राष्ट्रांस अण्वस्त्रधारी म्हणतो, आणि इतरांनीं तें अस्त्र कधींही करूं नये, आपल्या भट्ट्यांची झडती द्यावी, असें बजावतो. पांचांच्या अस्त्रागारांस झडती नाहीं. नागरी भट्ट्यांपैकीं जेवढ्या ते खुषीनें दाखवितील तेवढ्याच. याच्या बदल्यांत सहाव्या कलमांत त्यांनीं सद्भावनेनें शस्त्रत्यागाच्या वाटाघाटी करण्याचें वचन दिलें आहे. त्या वचनास मुदत घातलेली नाहीं. १९९५ सालीं करार बेमुदत वाढविला गेला, आणि ८ जुलै १९९६ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, या वाटाघाटी करणें एवढेंच नव्हे तर त्या तडीस नेणें हेंही बंधनकारक आहे. आज जगांत सुमारें बारा हजार अण्वस्त्रें आहेत व त्यांतील दहापैकीं नऊ अमेरिका व रशिया यांजपाशीं आहेत. शीतयुद्धाच्या भरांत ती संख्या कित्येक पटींनीं अधिक होती हें खरें. पण त्या दोन राष्ट्रांतील उरलेल्या शेवटच्या मर्यादाकराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. हत्यारांचा कायदा आणि हा करार यांत फरक एवढाच कीं, त्या कायद्यावर आपली सही कोणी मागितली नव्हती. भारतानें या करारावर सही केली नाहीं, आणि विषमतेचें जें कारण दिलें तें आमच्या मतें रास्त होतें.

परंतु रास्त तक्रार असली म्हणजे आपलें वर्तन तपासावयाचें राहूं नये. माथेरानच्या पश्चिमेकडील टोंकांवरून निरभ्र रात्रीं मुंबईचे दिवे दिसतात. त्या मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तुर्भ्याची, म्हणजे ट्रॉम्बेची, अणुसंशोधनाची जागा. तेथील सायरस ही भट्टी कॅनडानें दिलेली; तिला लागणारें जड पाणी अमेरिकेनें दिलें; शांततेच्या कामासाठींच वापर करूं असें वचन आपण दिलें. १९६० सालीं ती सुरू झाली. १८ मे १९७४ च्या पोखरणच्या स्फोटांतील प्लुटोनियम याच भट्टींतलें. आपण त्या स्फोटास शांततामय म्हटलें; कॅनडास तें पटलें नाहीं व त्यानें सहकार्य थांबविलें. शब्दांच्या अर्थावर आम्हीं उभा जन्म घालविला आहे. स्फोट शांततामय होता हें म्हणणें पाणिनीच्या सूत्रांत बसवितां येईल, व्यवहारांत बसविणें कठीण.

याची दुसरी बाजू तारापूरची. ८ ऑगस्ट १९६३ च्या करारानें अमेरिकेनें तीस वर्षें समृद्ध युरेनियम पुरवावयाचें, आपण तेथें दुसरें इंधन वापरावयाचें नाहीं, व भट्ट्यांची झडती द्यावयाची, असें ठरलें. १९६९ सालीं केंद्र चालू झालें. १९७१ त व्हिएन्नाच्या संस्थेशीं त्रिपक्षीय करार होऊन झडती सुरू झाली. ती आपण नीट दिली. तरीही १९७८ सालीं अमेरिकेनें नवा कायदा करून, ज्या देशाच्या सर्व भट्ट्यांवर पहारा नाहीं त्यास इंधन नाहीं, असें ठरविलें आणि तो जुन्या करारासही लावला. तारापूरचें इंधन अडलें. १९८० त एक खेप मोठ्या वादानंतर सुटली. अखेर १९८२ त फ्रान्सनें पुरवठा करण्याचें ठरलें. वचन मोडल्याचा दोष सायरसच्या बाबतींत आपल्याकडे येतो आणि तारापूरच्या बाबतींत अमेरिकेकडे. दोन्हींकडे एकच उणीव होती. सायरसला शपथ होती, झडती नव्हती. तारापूरला झडती होती, पण झडती देणाऱ्यास अभय नव्हतें.

पुढें २००८ सालीं अणुपुरवठादार राष्ट्रांनीं भारतास सूट दिली, आणि २ फेब्रुवारी २००९ रोजीं व्हिएन्ना येथें नव्या सुरक्षोपाय करारावर भारताची सही झाली. नागरी भट्ट्या निराळ्या काढून त्यांवर पहारा, लष्करी तशाच मोकळ्या, अशी ती वांटणी आहे. आपण ज्या विषमतेविरुद्ध चाळीस वर्षें बोललों, तिच्या बंगल्याच्या ओसरीवर आपल्यालाही एक खुर्ची मिळाली. ती घेतली म्हणून आम्ही कोणास दोष देत नाहीं. परंतु खुर्ची मिळाल्यापासून तक्रारीचा आवाज पूर्वींइतका मोठा राहिला नाहीं, हें मात्र आमच्या कानांस जाणवतें. १९५४ सालीं पंडित नेहरूंनीं स्फोट थांबविण्याची सूचना केली होती. ९ जून १९८८ रोजीं राजीव गांधींनीं संयुक्त राष्ट्रसंघांत २०१० पर्यंत सर्व अण्वस्त्रें टप्प्याटप्प्यानें नष्ट करण्याची योजना मांडली होती, व ती सर्वांस सारखी होती. २०१७ सालीं १२२ राष्ट्रांच्या मतांनीं अण्वस्त्रबंदीचा करार संमत झाला, २०२१ त अंमलांत आला. त्या खोलींत भारत नव्हता, कोणतेंही अण्वस्त्रधारी राष्ट्र नव्हतें.

या सर्वावर नेहमींचा आक्षेप असा कीं, हत्यार टाकणारा फसतो, आणि त्यास युक्रेनचा दाखला देतात. दाखला खरा आहे व तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. सोव्हिएट संघ मोडल्यावर आपल्या भूमीवर राहिलेलीं अण्वस्त्रें युक्रेननें परत दिलीं. ५ डिसेंबर १९९४ रोजीं बुडापेस्ट येथें रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनीं त्याच्या सीमांस मान देण्याचें आश्वासन दिलें. २०१४ त क्रिमिया गेला व २०२२ त मोठें आक्रमण झालें. त्या अस्त्रांच्या किल्ल्या मॉस्कोकडे होत्या हें खरें असलें तरी आश्वासन मोडलें हेंही खरें. परंतु यावरून काय ठरतें? एकट्यानें टाकलें, बाकीच्यांनीं धरून ठेवलें, आणि अभय देणाऱ्यास विचारणारा कोणी नाहीं, अशा स्थितींत शपथ टिकली नाहीं. पूर्वाचार्यांचें मत येथें खरें झालें. सर्वांनीं सारख्या झडतीखालीं टाकावें या योजनेविरुद्ध हा पुरावा होत नाहीं. एकट्यादुकट्यास टाकावयास लावण्याविरुद्ध होतो.

सर्वांस सारखा असा शस्त्रत्याग झाल्याचें उदाहरण आहे, व त्यांत आपणही आहों. रासायनिक अस्त्रांच्या बंदीचा करार १९९३ सालीं झाला व १९९७ त अंमलांत आला. त्यांत पांच थोर व बाकी लहान असा भेद नाहीं. भारतानें आपल्यापाशीं सांठा असल्याचें जाहीर केलें, परकी तपासनीस येऊं दिले, व २००९ सालीं तो नष्ट करून संपविला. जुलै २०२३ त अमेरिकेनें आपला शेवटचा सांठा नष्ट केला, तेव्हां जगांतील ७२ हजार टनांहून अधिक जाहीर सांठा संपला. सीरियानें लबाडी केली. पण ती लबाडी म्हणून उघडकीस आली, तीही तपासनीसांमुळेंच. दक्षिण आफ्रिकेनें स्वतः केलेलीं सहा अण्वस्त्रें मोडलीं व १९९३ त तें जाहीर केल्यावर व्हिएन्नाच्या लोकांनीं तिचा झाडा तपासून पाहिला. अमेरिका व सोव्हिएट संघ यांनीं १९८७ च्या करारानें मध्यम पल्ल्याचीं २,६९२ क्षेपणास्त्रें एकमेकांच्या तपासनीसांच्या देखत नष्ट केलीं. तो करार २०१९ त मोडला, हें त्याच्या यशाइतकेंच लक्षांत ठेवावें; पण मोडलेलीं क्षेपणास्त्रें मोडलेलींच राहिलीं. चावणीच्या मुलाचा प्रश्न, लपविलें नाहीं हें कळतें कसें, याचें उत्तर आतां अनुभवानें सिद्ध झालेलें आहे. अणुभट्टी व युरेनियम समृद्ध करण्याचे कारखाने हीं कट्यारीसारखीं कपड्यांत मावत नाहींत. त्यांच्या मालाचा हिशेब ठेवतां येतो. त्यांची वाट खिंडीसारखी अरुंद आहे.

येथें पुराणांतील ब्रह्मास्त्रांवरून प्राचीनांस अणुबाँब ठाऊक होता असें म्हणणाऱ्यांची आठवण होते. आम्हांस तें मत मुळींच मान्य नाहीं व त्यानें संस्कृताची अब्रू जाते. परंतु सौप्तिक पर्वांतील ऐषीकाची कथा वेगळ्या कारणानें वाचण्यासारखी आहे. दोन्ही अस्त्रें सुटल्यावर व्यास व नारद मध्यें उभे राहतात. अर्जुनास अस्त्र परत घेतां येतें, अश्वत्थाम्यास येत नाहीं. सोडण्याची विद्या दोघांस होती, आवरण्याची एकासच होती, आणि ज्यास नव्हती त्याचें अस्त्र उत्तरेच्या गर्भावर गेलें.

गर्भाची गोष्ट आमच्या प्रांतास दूरची नाहीं. कर्जत व खोपोली हीं मुंबईच्या लोकलगाडीचीं शेवटचीं स्थानकें. पहांटेच्या गाडीनें अर्धा गांव मुंबईस जातो व रात्रीं परत येतो. आमचे विद्यार्थी, त्यांच्या मुली, सुना, सर्व त्या गाडींत असतात. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजीं पडलेला बाँब आजच्या मानानें लहान होता, आणि त्या वर्षअखेर तेथें सुमारें एक लक्ष चाळीस हजार माणसें मेलीं. भारत व पाकिस्तान यांजपाशीं आज प्रत्येकीं दीडशेंहून अधिक अण्वस्त्रें असल्याचा अदमास आहे. उंबरखिंडींत जो कोंडला गेला त्यास निदान शरण जाण्यास वकील पाठविण्यापुरता वेळ मिळाला होता.

आतां एका कागदाचा उल्लेख करून हें लांबलेलें विवेचन संपवितों, कारण तो कागद आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांस विशेष आवडेल. ३१ डिसेंबर १९८८ रोजीं भारत व पाकिस्तान यांनीं परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. तो जानेवारी १९९१ त अंमलांत आला. त्याप्रमाणें १९९२ पासून दरवर्षीं १ जानेवारीस दोन्ही सरकारें आपापल्या अणुकेंद्रांची यादी, अक्षांश-रेखांशांसह, एकमेकांच्या हातीं देतात. नांवें कशींही लिहिलीं तरी जागा चुकावयाची नाहीं. पुरंदरच्या यादीचा दोष येथें काढून टाकलेला आहे. १९९८ चे स्फोट झाले, १९९९ चें कारगिल झालें, तरी पुढच्या १ जानेवारीस यादी गेलीच. तींत अस्त्रें नाहींत, केंद्रेंच आहेत, झडतीही नाहीं. परंतु एकमेकांवर विश्वास नसलेलीं दोन राष्ट्रें एकमेकांस खरा कागद देऊं शकतात, आणि तो न चुकतां देऊं शकतात, याचा एवढा सलग पुरावा दुसरा आम्हांस दिसत नाहीं. भट्ट्यांच्या यादीनंतर सांठ्याची यादी, यादीनंतर झाडा, झाड्यानंतर झडती, असा क्रम सर्व अण्वस्त्रधाऱ्यांस एकाच नियमानें लावावा, व पांचांनीं तो प्रथम स्वीकारावा, एवढें आमचें म्हणणें आहे.

शेवटीं वाचकांस एक विनंति. कर्जत, खालापूर व पनवेल या तालुक्यांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत जामीनकतबे, ओलिसांविषयींचीं पत्रें, १८१८ नंतर किल्ल्यांवरील सामान सरकारजमा केल्याच्या यादी, किंवा १८७८ च्या कायद्याखालील हत्यारांचे परवाने असण्याचा संभव आहे. असे कागद आजवर क्षुल्लक समजून बाजूस टाकले गेले. ज्यांच्या संग्रहीं ते असतील त्यांनीं मोडी नक्कल, व शक्य असल्यास छायाचित्र, संपादकांकडे पाठवावें. विशेषतः यादींत लिहिलेलें सामान व प्रत्यक्ष जमा झालेलें सामान यांचा मेळ घातलेला कागद कोणास मिळाला तर तो आम्ही प्रथम छापूं.